पाकीट शिवताना कडा सोडू नका

चामड्याचं पाकीट हाताने शिवायचं असेल तर दोरा शिलाईच्या साधारण चौपट घ्या, मेण लावलेला, आणि दोन्ही टोकांना एकेक बोथट सुई. आरीने पाडलेल्या प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात, त्यामुळे एका बाजूचा टाका तुटला तरी दुसरा दोरा धरून ठेवतो, मशीनच्या शिलाईत हे होत नाही. पण दरवेळी तीच सुई आधी घाला हं, नाहीतर टाके वाकडे दिसतात. शेवटी दोन-तीन टाके उलट दिशेने, मागच्याच भोकांतून घाला.

आता कडा, माझा सगळ्यात आवडता भाग! पॉलिश पेपर मारायचा, पाण्याचं बोट फिरवायचं, मग जाड कापडाने गरम होईपर्यंत घासायचं, काचेसारखी चमकते. कोल्हापुरी चपलेसारखं झाडाच्या सालीत कमावलेलं चामडंच असं चमकतं, क्रोमवाल्याला, म्हणजे क्रोमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्याला, एज पेंट म्हणजे कडेचा रंगच लावा.