पालिओ, दोन इंची पाइप आणि तोंड बंद केलेली नळी

आधीच सांगून ठेवतो, गाडी पालिओ आहे, १.६ जीटीएक्स, २००३ ची. हिला मी स्पोर्ट्स कार म्हणलं की आमचे दाजी हसतात, चार दाराची हॅचबॅक अन् म्हणे स्पोर्ट्स कार. हसू द्या. १५९६ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, १०० बीएचपी, अन् हे त्या काळात जेव्हा आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरापुढं ३७ बीएचपीची मारुती ८०० उभी असायची. शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना असलेल्या संभाजीनगरात राहून मी कुर्ल्यात बनलेली फियाट जपत बसलोय, त्याला इलाज नाही.

तर सायलेन्सर. जुना वीस वर्षांत आतून सडला होता, आतल्या पत्र्या सुटून खुळखुळ्यासारखा वाजायचा, तीनदा वेल्डिंग मारून झालं, चौथ्यांदा वेल्डिंगवाला म्हणला की आता पत्राच राहिला नाही, मी वेल्ड कशाला करू. कंपनीचा तसा नवा कुठं मिळाला नाही, मग म्हणलं आता बदलायचाच आहे तर जरा आवाज येईल असा बसवू. खोटं कशाला बोलू, पॉवर वगैरे नंतर सुचलेली कारणं आहेत, मला आवाज पाहिजे होता.

या गाडीसाठी रेडिमेड किट असं काही मिळत नाही. मुंबईहून एक युनिव्हर्सल मफलर, म्हणजे कुठल्याही गाडीला बसणारा सायलेन्सरचा डबा, मागवला, स्टेनलेसचा, अडीच इंची तोंडाचा, अन् बाकीचा पाइप इथंच बनवायचा ठरवलं. वाळूजमधे हे काम करणाऱ्यांची काय कमी, बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे तिथं, त्याच्या आजूबाजूला पाइप वाकवणारे, आर्गन वेल्डिंग मारणारे ढिगानं आहेत. मला जे चाचा सापडले ते दूध डेअरीच्या स्टीलच्या लाइनी वेल्ड करतात, म्हणजे हात एकदम साफ. त्यांनी मफलरचं तोंड बघितलं, गाडीखाली वाकून बघितलं अन् म्हणले, "इत्ता बड़ा पाइप कायकू? नीचे का दम चला जाता."

हे मला पटायला एक दिवस लागला पण त्यांचं बरोबर होतं. पाइप जितका मोठा तितकी पुढं जाणाऱ्या धुराची गती कमी, अन् ती गती टिकली तरच पुढच्या झटक्याला पाठीमागून ओढ मिळते. २०० बीएचपीच्या टर्बो गाडीला अडीच-तीन इंच ठीक, १०० बीएचपीच्या इंजिनला दोन इंच भरपूर झालं. मोठा पाइप टाकला तर वर ५००० आरपीएमच्या (इंजिनचे मिनिटाला फेरे) पुढं कदाचित थोडं मिळेल पण सिग्नलवरून उचलताना गाडी मेल्यासारखी वाटेल, अन् जालना रोडवर आपण ५००० वर किती वेळ असतो हो? मग दोन इंची ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसचा पाइप घेतला, फक्त मफलरजवळ एक निमुळता तुकडा लावून अडीच केला. स्वस्तात ४०९ पण मिळतं, त्यात क्रोमियम कमी असतं, बाहेरून थोडा गंज धरतं पण चालतं बरीच वर्ष. मी ३०४ घेतलं कारण हे काम परत करायची माझी तयारी नाही.

दुसरा वाद कॅटलिटिक कन्व्हर्टरवर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या डब्यावर झाला. चाचांच्या शेजारच्या गॅरेजवाल्या पोराचं म्हणणं, ते काढून टाका, आत नुसता दगड आहे, गाडी मोकळी होईल. त्या दगडात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं म्हणूनच तो फुकट काढून द्यायला तयार होता हे मला नंतर कळालं. कॅट ठेवला. पीयूसी काढायची असते, पंधरा वर्षं झालेल्या गाडीचं दर पाच वर्षांनी आरटीओत परत रजिस्ट्रेशन करायचं असतं, अन् मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदल केलेल्या गाड्यांकडं तसंही प्रेमानं बघत नाही. म्हणून काम कॅटच्या मागंच केलं, पुढचं मॅनिफोल्ड, ऑक्सिजन सेन्सर कशालाच हात नाही.

नाही म्हणजे लावायचा नव्हता. पण कॅटच्या फ्लँजचे, म्हणजे जोडाच्या चकतीचे, बोल्ट वीस वर्षांचे. आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवला, सकाळी परत मारला, गॅसनं लाल केले, तीन निघाले अन् चौथा स्टड कडकन तुटला. मे महिना, पत्र्याचं शेड, बाहेर ४२ डिग्री, आत किती असेल देवाला माहिती. मी डोक्याला हात लावून बसलो, चाचांनी शांतपणे त्या तुटक्या तुकड्यावर एक नट ठेवला, नटाच्या भोकातून वेल्ड मारला, लाल असतानाच पाना लावून फिरवला अन् स्टड लोण्यासारखा बाहेर. वेल्डच्या उष्णतेनंच गंजाची पकड सुटती म्हणे. त्या वीस मिनिटांसाठी मी त्यांना दुप्पट पैसे दिले असते.

एक गोष्ट मात्र मी आधी वाचून गेलो होतो, गाडीवर वेल्डिंग करायच्या आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढायचं, नाहीतर ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जायची भीती. अन् स्टेनलेसला आर्गन मारताना पाइपच्या आतून पण आर्गन सोडायचा, नाहीतर आतल्या बाजूला वेल्ड साखरेच्या दाण्यासारखा फुटतो. हे चाचांना सांगायला गेलो तर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की डेअरीची लाइन मी काय तसंच करतो व्हय.

संध्याकाळी गाडी चालू केली. काय आवाज राव! खाली जाड, वर गेलं की खर्जातून सूर लावल्यासारखा. दौलताबादला जाऊन किल्ल्याच्या वेशीतून हळूच दुसऱ्या गिअरमधे काढली, दगडाच्या भिंतींवरून तो आवाज परत आला तेव्हा अंगावर काटा आला. बुलेटवाल्यांचे फटाके सायलेन्सर पोलिस रोडरोलरखाली घालतात त्याचे फोटो पेपरात बघून मी नेहमी बरं झालं म्हणतो, त्यामुळं त्या दिवशी जरा चोरासारखंच वाटत होतं हे पण खरं.

रविवारी घरच्यांना घेऊन समृद्धीनं जालन्याला निघालो. १०० चा स्पीड, सुई ३००० च्या जरा खाली, अन् गाडीत घुंऽऽऽ. म्हणजे आवाज मोठा नाही, पण कानात दडा बसल्यासारखा, डोक्यात पिठाची गिरणी चालू. बायको पहिले दहा किलोमीटर काही बोलली नाही, मग म्हणली, "हे पैसे देऊन करून घेतलंय का?" आई मागं बसून कानात पदर घालायली. ८० वर आलो की गायब, ११० वर गायब, अन् मला नेमकं १०० नंच जायचं असतं.

याचं गणित सोपं आहे. चार सिलिंडरचं इंजिन प्रत्येक फेऱ्याला दोनदा पेटतं. २८०० आरपीएम म्हणजे सेकंदाला साधारण ४७ फेरे, म्हणजे ९३ वेळा धक्का, ९३ हर्ट्झ. ती घुमणारी खर्जाची लाट गाडीच्या डब्यात बरोबर अडकती. यावर उपाय म्हणजे मेन पाइपला एक फांदी काढायची अन् तिचं टोक बंद करायचं. लाट आत जाती, बंद टोकावर आपटून उलटी येती, अन् लांबी बरोबर असली तर मूळ लाटेला कापती. लांबी लाटेच्या पाव भागाएवढी. गरम धुरात आवाज साध्या हवेतल्यापेक्षा जोरात पळतो, सेकंदाला साडेचारशे मीटरच्या आसपास धरला तर चार फूट येतं.

परत चाचांकडं. म्हणलं चार-साडेचार फुटाचा पाइप पाहिजे, एक तोंड जोडलेलं, दुसरं बंद.

"इसमें से जाएगा क्या?"

"काहीच नाही."

"फिर लगाना कायकू?"

माझ्याकडं उत्तर होतं पण ते सांगताना मलाच येडपट वाटायलं. तरी त्यांनी केलं, मेन पाइपला खेटून यू आकारात वाकवून बसवलं, टोकाला वेल्ड न मारता आधी क्लॅम्प अन् झाकण लावलं. साडेचार फुटावर घुं २६०० वर गेला नि ३००० ला नवा सुरू झाला. दोन इंच कापलं, बीड बायपासला चक्कर. परत दोन इंच, परत चक्कर. चौथ्या चकरेला चाचा स्वतः शेजारी बसले, काच बंद, १०० वर नेली, अन् ते समोर बघत बसले, बराच वेळ. मग म्हणले, "गया." झाकण वेल्ड केलं.

एकूण खर्च सांगतो, मफलर अन् आवाज आणायचं काम १४ हजार, आवाज घालवायचं काम ३५०० अन् चार चकरांचं पेट्रोल. पीयूसी निघाली. बाहेरून आता जुन्या सायलेन्सरपेक्षा किंचित जाड ऐकू येते, दाजींना तर फरकच कळाला नाही. परवा चाचांचा फोन आला होता, कुणीतरी जुनी होंडा सिटी घेऊन आलंय त्यांच्याकडं, घुमायली म्हणे. विचारत होते, ते बंद तोंडाच्या पाइपचं माप कसं काढलं होतं.