केजीएफला जाऊन आलो: सोनं सोडून बाकी सगळं बघितलं

आधीच सांगून ठेवते, केजीएफला, म्हणजे कर्नाटकातल्या बंद पडलेल्या सोन्याच्या खाणींच्या गावाला, सोनं दिसत नाही. आमच्या चिरंजीवांना सिनेमा बघून वाटलेलं की तिकडे भिंतीच चमकत असतील. सोनं बघायचंय तर आपला सराफ बाजार आहे की, पार्किंग मिळत नाही ते सोडा. पण डिसेंबरच्या सुट्टीत बेंगळुरूला नणंदेकडे जायचंच होतं आणि कोलार गोल्ड फील्ड्स तिथून साधारण १०० किलोमीटर, म्हणून एक दिवस काढला. आम्ही दोघं, दोन पोरं आणि नाना, म्हणजे माझे सासरे, नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले.

नाशिककरांनी गाडीनं जायच्या भानगडीत पडू नका, हजारच्या वर किलोमीटर होतात. मनमाडहून कर्नाटक एक्सप्रेस पकडा, आम्ही संध्याकाळी बसलो ते दुसऱ्या दिवशी दुपारी बेंगळुरू. तिथून मारिकुप्पमची मेमू, म्हणजे लोकलसारखी गाडी, ती बंगारपेटवरून आत वळते आणि कोरोमंडल, उरगाव, चॅम्पियन करत खाणींच्या मधूनच जाते. खाणी बंद पडल्यावर तिथले हजारो लोक रोज बेंगळुरूला कामाला जातात, त्यामुळे गर्दी सकाळी तिकडून इकडे आणि संध्याकाळी उलटी असते, आपण बरोबर विरुद्ध जातो, आरामात खिडकी मिळते. फक्त आमच्या डब्यात टॉयलेट नव्हतं, पोरांना आधीच नेऊन आणा. वेळा ॲपवर बघून घ्या, बदलत असतात.

आता आमचा गाढवपणा. यांनी ऑनलाइन कुणालातरी १,५०० रुपये ॲडव्हान्स पाठवलेला, 'खाणीत आतून टूर' म्हणून. तो माणूस उरगाव स्टेशनवर आलाच नाही, फोनपण बंद. आणि आत जायला मिळतच नाही हो, खाण २८ फेब्रुवारी २००१ ला बंद झाली, खाली पाणी भरलंय. कुणी आत नेतो म्हणाला तर पैसे देऊ नका. आम्ही मग स्टेशनबाहेर दिवसभराची रिक्षा ठरवली, तेच बरं पडलं.

पहिल्यांदा दिसतात त्या सायनाइडच्या टेकड्या. दगड पिठासारखा दळायचा, सायनाइडच्या पाण्यात त्यातलं सोनं विरघळवून काढून घ्यायचं आणि उरलेला भुगा बाहेर टाकायचा, असं शंभरेक वर्षं केल्यावर त्याचेच डोंगर झालेत. पांढुरके, पावसानं चरे पडलेले. लोक वर चढून रील्स काढतात, आम्ही पोरांना नाही चढू दिलं, वारा सुटला की तो भुगा नाकातोंडात जातो. मास्क न्याच आणि लांबूनच फोटो काढा.

लेकाचा प्रश्न होता, आपल्याकडे का नाही निघत सोनं? सिन्नरचं गारगोटी म्युझियम दोघांनी बघितलेलं, म्हणून सांगायला सोपं गेलं. आपला काळा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, इथला खडक अडीचशे कोटींहून जुना, आणि त्यात गारगोटीच्या ज्या शिरा आहेत त्यांच्यात सोन्याचे बारीक कण. शेवटी शेवटी टनभर दगड दळून ३ ग्रॅमच्या आसपास सोनं निघायचं. धाकटी म्हणाली, म्हणजे आत्याच्या अंगठीएवढं.

खरा दिवस सत्कारणी लागला तो चॅम्पियन रीफच्या बाजूला चहाच्या टपरीवर. तिथं एक आजोबा बसलेले, जुने खाणकामगार. गावात सगळीकडे तमिळच चालतं, कामगारच तिकडून आणलेले ना, पण यांना मोडकंतोडकं हिंदी येत होतं. मी फोटो काढत बसले आणि इकडे नाना त्यांच्याशी पाळ्यांवर सुरू झाले, फर्स्ट शिफ्ट किती वाजता, नाइट अलाउन्स किती, कॅन्टीन कसं होतं. आजोबांनी हात खाली खाली नेत दाखवलं, केज, म्हणजे माणसं खाली नेणारा पिंजरा, असं सोडायचे, कान बंद व्हायचे, मग दुसरं केज, मग अजून एक. तिथली सगळ्यात खोल खाण जवळजवळ ३,२०० मीटर. कळसूबाई १,६४६, म्हणजे दोन कळसूबाया एकीवर एक ठेवून जमिनीत उलट्या गाडा. तेवढ्या खाली खडकच ६० अंशाच्या वर तापलेला, थंड हवा वरून सोडायची. आणि रॉक बर्स्ट झाला, म्हणजे दाबानं खडक फुटला, की वर घरातली भांडी खाली पडायची, बायका भांडी उचलायच्या आधी दाराबाहेर येऊन शाफ्टकडे, म्हणजे खाणीत उतरायच्या उभ्या भुयाराकडे, बघत उभ्या राहायच्या. हे सांगताना ते चहा ढवळत होते, चहात साखर कधीच विरघळलेली.

मग शर्टाच्या खिशातून एक पितळी बिल्ला काढला, मधे नंबर, कडा झिजून गुळगुळीत. खाली जाताना जमा करायचा, वर आल्यावर परत घ्यायचा, बिल्ला उरला तर माणूस खाली राहिला. नानांनी तो बराच वेळ हातात धरला.

पोरांना सांगायला अजून मसाला: १९०२ साली शिवनसमुद्रच्या धबधब्यावरून इथं वीज आली, बेंगळुरूच्या दिव्यांच्या आधी. आणि १९६५ मध्ये याच खाणीत खोलवर मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि इंग्लिश शास्त्रज्ञांसोबत न्यूट्रिनो, म्हणजे कशातूनही आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण, पकडले. साहेबांचे जुने बंगले बाहेरूनच बघा, काहींत लोक राहतात, आणि कामगारांच्या चाळींत शिरून तर कॅमेरा मुळीच काढू नका.

दुपारी कम्मसंद्रचं कोटिलिंगेश्वर, १०८ फुटी शिवलिंग आणि भोवती लाखो छोटी लिंगं. त्र्यंबकेश्वरची सवय असलेल्या माणसाला जरा जत्रेसारखं वाटतं, पोरांना मात्र तेच सगळ्यात आवडलं. फरशी तापते, मोजे ठेवा. जेवण साधंच मिळतं, भाताचं.

परतताना बंगारपेटला उतरून पाणीपुरी खा, तिथलं पाणी एकदम पारदर्शक असतं, बिसलेरीसारखं. धाकटी म्हणाली हे तिखट नसणार, आणि मग अर्धी बाटली पाणी प्यायली.

मुक्काम बेंगळुरूलाच करा, एक दिवस पुरतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, टोपी न्या, सुटे पैसे न्या, यूपीआय टपरीवर चाललं पण रिक्षावाल्याला कॅशच हवी होती. आणि घरात कुणी शिफ्टमध्ये काम केलेलं म्हातारं माणूस असेल तर त्यांना नक्की न्या. घरी आल्यावर नानांनी कपाट उपसून त्यांचा प्रेसचा गेटपास शोधून काढलाय, आता तो टीव्हीशेजारी ठेवलाय, पुसायला गेलं तरी ओरडतात.