धायरीतल्या तीन बेडरूममधून सदाशिव पेठेतल्या एका बेडरूममध्ये

पुण्याच्या धायरी उपनगरात आमचा 960 चौरस फूट कार्पेटचा, म्हणजे आतल्या वापराच्या जागेचा, फ्लॅट होता. 2006 साली माझ्या नावावर घेतलेला. मुलगी बंगळुरूला, मुलगा हैदराबादला स्थिरावला आणि दोन खोल्यांची दारं फक्त केर काढण्यापुरती उघडायला लागली. 2025 च्या सुरुवातीला तो फ्लॅट विकून आम्ही सदाशिव पेठेत 410 चौरस फुटांत राहायला आलो. ओळखीतले अनेक जण आता हाच विचार करताहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

लहान घर हा आमचा हट्ट नव्हता. आम्हाला गावात, म्हणजे पुण्याच्या मध्यवस्तीत, राहायचं होतं. ह्यांच्या गुडघ्यांमुळे स्कूटर सुटली, आणि सिंहगड रोडच्या गर्दीतून लक्ष्मी रोडला जाऊन यायचं म्हणजे अर्धा दिवस जायचा. दाताचा डॉक्टर, मंडई, भरत नाट्यमंदिरातलं नाटक, सगळं तिकडेच. आणि गावात आम्हाला परवडणारं, लिफ्ट असलेलं घर एवढंच होतं.

विकायच्या आधी आम्ही एक पावसाळा दोन बेडरूम कुलूप लावून बंद ठेवल्या आणि उरलेल्या घरात राहून पाहिलं. हे मी प्रत्येकाला सांगते. कुलपामागचं काय काय लागतं ते लिहून ठेवत गेलो. यादी अगदी छोटी झाली. पण एक गोष्ट पक्की कळली: झोपायच्या खोलीला नीट बंद होणारं दार हवंच. ह्यांना रात्री उशिरापर्यंत गाणं ऐकायचं असतं आणि मी पहाटे उठते. म्हणून पुढे वन रूम किचनची घरं आम्ही बघितलीच नाहीत, ती कितीतरी स्वस्त असूनही.

घरं बघताना मोजपट्टी बरोबर ठेवा. रेरा कायद्यात (घरांच्या खरेदी-विक्रीचं नियमन करणारा कायदा) कार्पेटची व्याख्या स्पष्ट आहे: आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरायची नाही. पण जुन्या इमारतींतली घरं अजूनही बिल्टअपवर (बाहेरच्या भिंती, बाल्कनी धरून), नाहीतर त्याहून फुगवलेल्या आकड्यावर सांगितली जातात. सव्वासहाशे म्हणून दाखवलेलं एक घर आम्ही मोजलं, ते चारशेच्या आसपास भरलं. क्षेत्रफळाइतकंच महत्त्वाचं म्हणजे सलग भिंत. चारही भिंतींत दारं-खिडक्या असतील तर कपाट कुठे उभं करणार? आमच्या बेडरूममध्ये साडेनऊ फुटांची एक भिंत कोरी आहे, तिथे छतापर्यंत कपाट बसलं आणि घर राहण्याजोगं झालं. तिच्यासाठी आम्ही याहून मोठी दोन घरं सोडली.

आता पैशांचं. घर निम्म्याहून लहान झालं म्हणजे हातात बक्कळ रक्कम उरते, असा समज असतो. आमचं घर 88 लाखांना गेलं, नवं 68 लाखांना मिळालं. पुण्यात मुद्रांक शुल्क 7 टक्के आहे. खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत मिळते, त्यामुळे आमचे 68 हजार वाचले. तरी शुल्क 4 लाख 8 हजार आणि नोंदणीचे 30 हजार गेलेच. दोन्हीकडची दलाली, सुतारकाम आणि ट्रक धरून शेवटी साडेअकरा लाखांच्या आसपास उरले. उपनगरातून गावात येणाऱ्याने हे गणित आधी मांडावं. लहान घरातून पैसा सोडवायचा असेल तर त्याच परिसरात लहान घर घ्यावं लागेल.

विकणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. आमच्या विक्रीच्या वेळी लागू असलेल्या आयकर कायद्याच्या कलम 54 नुसार एका घराच्या विक्रीवरचा दीर्घकालीन नफा दुसऱ्या घरात गुंतवला तर कर लागत नाही. विक्रीची सगळी रक्कम गुंतवावी लागत नाही, नफ्याएवढी पुरते. आमचा फ्लॅट घेतला तेव्हा 19 लाखांचा होता, म्हणजे नफा 69 लाख. नव्या घराची किंमत शुल्क-नोंदणी धरून 72 लाखांवर गेली, त्यामुळे कर शून्य. नवं घर विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत घ्यायचं असतं. मात्र विवरणपत्र भरायच्या मुदतीपर्यंत खरेदी झाली नसेल तर रक्कम बँकेतल्या कॅपिटल गेन्स खात्यात ठेवावी लागते, साध्या बचत खात्यात चालत नाही. आणि व्यवहार 50 लाख किंवा त्याहून जास्त असेल तर खरेदीदार एक टक्का कर कापून उरलेले पैसे देतो. आमचे 88 हजार असे अडकले, विवरणपत्र भरल्यावर परत आले. तोवर हाताशी रक्कम लागते.

हस्तांतरणाच्या वेळी जुन्या सोसायटीने प्रीमियम, म्हणजे हस्तांतरणाचं शुल्क, याच्यावर आणखी भलीमोठी ‘ऐच्छिक देणगी’ मागितली. महापालिका हद्दीत हस्तांतरण प्रीमियमची कमाल मर्यादा 25 हजार आहे, 2001 पासून शासनाचं परिपत्रक आहे. त्याची प्रत जोडून लेखी अर्ज दिला. महिनाभर खळखळ झाली, पण देणगी न देता ना-हरकत मिळालं.

खरं काम घर आवरण्याचं. वीस वर्षं माळ्यावर काय काय चढत गेलं होतं! मुलांच्या वस्तूंचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले आणि तारीख दिली: तोपर्यंत घेऊन जा, नाहीतर देऊन टाकते. मुलगी म्हणाली, “आई, राहू दे ना सध्या.” मी विचारलं, “कुठे राहू देऊ?” ती दोन सुटकेसा भरून घेऊन गेली. पितळेची भांडी मोडीत घालवली नाहीत. मोठी पातेली आणि समया सासरच्या गावच्या देवळात दिल्या, भंडाऱ्याला उपयोगी पडतात. गव्हा-तांदळाच्या पत्र्याच्या कोठ्या दिल्या, वर्षाचं धान्य भरणं थांबलं. आता महिन्याचं आणते, थोडं महाग पडतं.

सासूबाईंच्या शिसवी पलंगाचं मात्र वाईट वाटलं. तो लिफ्टमध्ये मावत नव्हता आणि बेडरूममध्ये ठेवला असता तर कपाटाचं दार उघडलं नसतं. नातेवाइकांपैकी कोणाकडेच जागा नव्हती. जुन्या फर्निचरवाल्याला दिला. त्या दिवशी हे जेवले नाहीत. अशा एक-दोन वस्तू प्रत्येक घरात असतात, त्यांचा निर्णय घाईच्या आठवड्यावर ढकलू नये. त्यांना सगळ्यात जास्त वेळ द्यावा.

इथे आल्यापासूनची चैन सांगायची तर पायी फिरणं. भाजी मंडईतून, औषधं कोपऱ्यावरून, नाटक संपल्यावर चालत घरी. केर-फरशी अर्ध्या तासात होते, ती मीच करते. वीजबिल आणि मिळकतकर कमी झाला. सोसायटीचा देखभाल खर्च मात्र फारसा उतरला नाही. आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) वॉचमन, सफाई, लिफ्ट यांचा सेवाखर्च प्रत्येक सदनिकेला सारखाच, घर एका बेडरूमचं असो की तीन. सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीची राखीव रक्कम) आणि दुरुस्ती निधी बांधकाम खर्चावर, पाणी नळांच्या संख्येवर धरतात, त्यात काय तो फरक पडतो. घर घेण्याआधी शेवटचं बिल मागून बघावं.

आणि जे गेलं ते गेलंच. फोडणीचा वास बेडरूमपर्यंत जातो. पावसाळ्यात कपडे वाळत घालायला दोन दोऱ्या पुरत नाहीत, हॉलमध्ये स्टँड उभा राहतो. ह्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी भेटायला आलेल्यांना बसवायचं तर त्यांची विश्रांती मोडायची. भांडण झालं तर रुसून बसायला दुसरी खोली नाही, एकाला खाली फेरी मारावी लागते. सगळ्यात बोचतं ते दिवाळीचं. धायरीत दोन्ही मुलांची कुटुंबं एकदम राहायची, रात्री पत्त्यांचा डाव रंगायचा. गेल्या दिवाळीत मुलाने जवळच्या लॉजमध्ये खोली घेतली. फराळाला सगळे इथे, झोपायला ते तिकडे. मला ते आवडलं नाही आणि मी तसं बोलूनही दाखवलं. यंदा वरच्या मजल्यावरच्या काकू दिवाळीत लेकीकडे जाणार आहेत, त्या आठवड्यापुरती त्यांची जागा वापरायला द्यायला तयार आहेत.

नातवाला उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर आमच्याकडे राहायचंय. हॉलमधला दिवाण त्याचा. त्याची आई म्हणते पंधरा दिवस पुरेत, पण मी त्याला महिन्याचा शब्द दिलाय.