सेव्हचं बटण जागचं हलता कामा नये

सकाळी सव्वासहाला तात्यांचा फोन आला. "आगं, ते सेव्हचं बटण कुठं गेलं? दिसंनाच झालंय. हितं रांग लागलीया."

तात्या माझे चुलते. आमच्या करवीर तालुक्यातल्या गावात दूध संस्थेचे सचिव आहेत. संकलनाचं सॉफ्टवेअर मी त्यांना जावा स्विंगमध्ये (जावा भाषेतलं खिडक्या-बटणं बनवायचं साधन) लिहून दिलं होतं: सभासद नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर, रक्कम. आदल्याच दिवशी संस्थेत जुना डेस्कटॉप जाऊन नवा लॅपटॉप आला होता आणि माझी सगळी खिडकी आकड्यांनी खिळे ठोकल्यासारखी बसवलेली होती. सेटलेआउटला नल द्यायचं, म्हणजे आपोआप होणारी मांडणी बंद, मग प्रत्येक चौकटीला सेटबाउंड्सने जागा आणि मापं द्यायची. १०२४ × ७६८ च्या मॉनिटरवर ते नेटकं दिसायचं. नवा पडदा १३६६ × ७६८ चा, म्हणजे रुंदीला जास्तच. पण विंडोजने त्यावर १२५ टक्के स्केलिंग (सगळं सव्वापट मोठं दाखवणं) लावलेलं होतं आणि जावा ९ पासून स्विंग ते मानतं. ७६८ ला १.२५ ने भागलं की उरतात जेमतेम ६१४. माझं सेव्ह होतं वरून ६६० वर, म्हणजे पडद्याबाहेर.

त्या दिवसापुरतं फोनवर सांगून स्केलिंग १०० टक्क्यांवर आणलं. रविवारी ग्रिडबॅगलेआउट, म्हणजे ओळी-रकान्यांत आपोआप मांडणी करणारी स्विंगची सोय, घेऊन बसले. पहिल्या झटक्यात सगळ्या चौकटी खिडकीच्या मधोमध गोळा झाल्या, कारण वेटएक्स आणि वेटवाय (जास्तीच्या जागेतला आडवा-उभा वाटा) मुळात शून्य असतात, जास्तीची जागा कुणालाच मिळत नाही. चौकटींच्या रकान्याला वेटएक्स १ दिलं, फिल आडवं करून चौकट रकानाभर ताणली, लेबलांचा रकाना शून्यावरच ठेवला. मग 'कोड'च्या जागी 'सभासद क्रमांक' लिहिलं तरी लेबलाचा रकाना आपोआप रुंद होतो आणि चौकट तेवढी मागे सरते. मापं मोजायचं काम माझ्याकडून गेलं, याचा खरोखर आनंद झाला.

खरा घोळ पुढे झाला. फॅट आणि एसएनएफ मिल्क ॲनालायझरकडून केबलने येतात. मशीन बंद पडलं तर फॅट हाताने काढून भरायचं आणि लॅक्टोमीटरचं (दुधाची घनता मोजणाऱ्या नळीचं) रीडिंग घेऊन एसएनएफ काढायचं. म्हणून मशीन तुटलं की मी लॅक्टोमीटरची चौकट ॲड करत होते आणि मशीन परत आलं की रिमूव्ह. आधी तर ती दिसेचना. खिडकीचा कोपरा ओढला की मात्र अवतरायची. ॲड केल्यावर पॅनेलवर रिव्हॅलिडेट (मांडणी पुन्हा कर) बोलवायचं राहिलं होतं, काढल्यावर रिपेंटही (पुन्हा रंगव) लागतं. ते घातलं आणि मला वाटलं, झालं.

चार दिवसांनी केबल सैल झाली. लॅक्टोमीटरची चौकट उगवली, खालचं सगळं एक ओळ खाली गेलं. तात्यांनी माउस सेव्हवर नेला, तेवढ्यात केबल लागली. चौकट गेली, सगळं वर सरकलं आणि सेव्हच्या जागी त्याच्या खालचं रद्द आलं. क्लिक रद्दवर बसलं. एका आजींच्या म्हशीचं दूध तोवर कॅनमध्ये ओतून झालेलं. लिटर तात्यांच्या लक्षात होते म्हणून निभावलं. फॅट मात्र गेलं, आणि दर फॅट-एसएनएफवर ठरतो. आजी काही बोलल्या नाहीत, नुसत्या किटली धरून उभ्या राहिल्या. तात्यांनी हे सांगितलं तेव्हा मला फार वाईट वाटलं.

तात्या पडद्याकडे बघून काम करतच नाहीत. नंबर, एंटर, लिटर, एंटर; डोळे समोरच्या किटलीवर. हाताला पाठ झालेली जागा पायाखालून सरकवायची नाही, हा नियम मी तेव्हापासून पाळते. आता त्या ओळीत कार्डलेआउट आहे: एकाच जागी एकावर एक कार्डं, एका वेळी एकच दिसतं. एका कार्डावर लॅक्टोमीटरची चौकट, दुसरं कोरं. कार्डलेआउट सर्वांत मोठ्या कार्डाएवढी जागा कायम धरून ठेवतं, त्यामुळे कार्ड बदललं तरी खालची ओळ हलत नाही. कोरं कार्ड असताना एंटरचा फोकसही ती लपलेली चौकट ओलांडून पुढे जातो. रद्द मी सेव्हपासून तोडून उजव्या टोकाला नेलं. मशीनचे आकडे वाचणाऱ्या थ्रेडवरून (प्रोग्रॅममधल्या स्वतंत्र धाग्यावरून) थेट कार्ड बदलत होते, तेही चूकच. आता ते इन्व्होकलेटरमधून स्विंगच्या स्वतःच्या थ्रेडवर जातं.

ग्रिडबॅगची एक खोड मात्र अजून सांभाळावी लागते. खिडकी पसंतीच्या मापापेक्षा थोडी जरी लहान झाली, तरी तो सगळ्यांना किमान मापावर आणतो, आणि वेट नसलेल्या चौकटीची पार फट होते. म्हणून पॅक झाल्यावर (खिडकी आतल्या चौकटींना पुरेल एवढी झाल्यावर) जो आकार येतो तोच खिडकीचा किमान आकार ठरवून टाकलाय.

परवा तात्या म्हणाले, "अक्षरं जरा मोठी कर की, संध्याकाळच्या पाळीला दिसत न्हाईत." फॉन्ट १४ चा १८ केला आणि पुन्हा पॅक केलं. लेबलं रुंदावली, ओळी उंचावल्या, वेलांट्या कापल्या गेल्या नाहीत. लॅपटॉप पुन्हा १२५ टक्क्यांवर ठेवून तपासलं. सेव्ह ५४० वर येतंय.