तुम्ही विचारलंत म्हणून: दहा मिनिटांच्या उड्डाणासाठी चार तास कशाला?

हा प्रश्न मला कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये विचारतात, सोसायटीच्या जिन्यात विचारतात, आणि आमच्या मोठ्या जाऊबाई तर घरी आल्या की हमखास विचारतात. "रॉकेट वर जायला दहा मिनिटं लागतात. तेवढं संध्याकाळच्या बातम्यांत दाखवतातच की. मग तुम्ही मंडळी चार-चार तास आधीपासून काय बघत बसता गं?"

मंडळी म्हणजे आमचा छोटासा कंपू. सदाशिव पेठेतले भौतिकशास्त्राचे निवृत्त सर, कर्वेनगरची इंजिनिअरिंगची दोन मुलं, चिंचवडच्या मी आणि माझी मैत्रीण, शिवाय अधूनमधून येणारे आणखी काही जण. जमलं तर कुणाच्या तरी घरी एकत्र बसतो. नाही जमलं तर आपापल्या घरी थेट प्रसारण लावतो आणि फोनवर बोलत राहतो.

आता उत्तर. माणसं घेऊन अंतराळस्थानकाकडे निघालेलं रॉकेट उडतं, त्याआधी तपासण्यांची एक लांबलचक साखळी पार पडलेली असते. त्या साखळीत जागोजागी अशी माणसं बसलेली असतात, की त्यांच्यातल्या एकानं जरी "थांबा" म्हटलं तरी सगळं थांबतं. मला त्यांचं काम बघायचं असतं. ज्वाळा आणि गडगडाट मलाही आवडतो, पण तेवढ्यासाठी मी रजा टाकली नसती.

याला माझी नोकरी कारण असेल. भोसरीतल्या एका कारखान्यात मी व्हॉल्व्हच्या लीक टेस्टिंगला आहे. जॉब बेंचवर चढवायचा, दाब द्यायचा, ठरलेली मिनिटं काट्यावर नजर ठेवायची. काटा केसभर खाली आला तरी जॉब, म्हणजे तो व्हॉल्व्ह, होल्डवर. महिनाअखेर असते, डिस्पॅचची गाडी गेटवर उभी असते, वरचे साहेब दोनदा येऊन विचारून जातात. अशा वेळी 'थांबवा' म्हणणारा लाल टॅग लावायला हात जड होतो, हे मला चांगलं ठाऊक आहे. मग ज्या टाकीवर जिवंत माणसं बसणार आहेत, तिथे तो टॅग लावणाऱ्याची काय अवस्था होत असेल?

२०२५ च्या उन्हाळ्यात हे आम्ही अगदी जवळून अनुभवलं. राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ रोजी सोयुझ यानातून सॅल्यूत-७ या स्थानकावर गेले, त्यानंतर ४१ वर्षांनी एक भारतीय पुन्हा अंतराळात निघाला होता. ॲक्सिअम या अमेरिकन खासगी कंपनीची ॲक्सिअम-४ मोहीम, कमांडर पेगी व्हिट्सन, पायलट आपले शुभांशू शुक्ला, सोबत पोलंडचे स्लावोश उझनान्स्की-विश्नेव्स्की आणि हंगेरीचे टिबोर कापू. चौघंही २५ मेपासून विलगीकरणात होते. आणि उड्डाण पुढे, पुढे, पुढे जात राहिलं.

मी प्रत्येक नवी वेळ कालनिर्णयवर पेन्सिलीनं लिहीत गेले. २९ मे, रात्री १०:३३. मग ८ जून, संध्याकाळी ६:४१. मग १० जून, ५:५२. हवामानामुळे ११ जून, ५:३०. आमच्या सरांनी कर्वेनगरच्या मुलांना तेवढं पान दाखवून विचारलं, "काय दिसतंय?" मुलांनी आकडेमोड केली. एक दिवस पुढे गेलं की वेळ साधारण तेवीस-चोवीस मिनिटांनी अलीकडे येते. स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांचा कोन करते. पृथ्वी तिच्याखाली फिरत असते आणि ती कक्षाही हळूहळू सरकत असते. फ्लोरिडातला उड्डाणाचा तळ बरोबर कक्षेच्या प्रतलाखाली येतो त्याच क्षणी निघावं लागतं, कारण वर गेल्यावर प्रतल बदलायला लागणारं इंधन यानाकडे नसतं. म्हणून रेल्वेसारखं 'दहा मिनिटं उशिरा सोडू' असं इथे चालत नाही. चुकलं की पुढचा दिवस, आणि वेळ आणखी अलीकडे. मुलांनी त्याच हिशेबानं जूनअखेरची वेळ काढून ठेवली, ती दुपारी बाराच्या आसपास येत होती.

११ जूनचं उड्डाण रद्द झालं ते ऐकून मी खुर्चीत सरसावून बसले. त्यांना नेणाऱ्या फाल्कन-९ या रॉकेटच्या पहिल्या टप्प्याची इंजिनं तळावरच काही सेकंद पेटवून चाचणी घेतली होती, आणि त्यानंतरच्या तपासणीत द्रवरूप ऑक्सिजनची गळती सापडली होती. इस्रोचे अध्यक्ष व्ही. नारायणन यांचं पथक तिथेच होतं. गळती दुरुस्त करा, चाचणी घेऊन खात्री करा, मगच माणसं बसवा, यावर ते ठाम राहिले. ऑक्सिजनच्या नळीत तडा होता, असं नारायणन यांनी नंतर जाहीरपणे सांगितलं.

ज्यांनी कधी लीक टेस्ट बघितली नाही त्यांना हे किरकोळ वाटेल. पण फाल्कनमध्ये भरतात तो ऑक्सिजन उणे २०० अंशांच्याही खाली थंड केलेला असतो. एवढ्या थंडीत धातू आकसतो. साध्या तापमानाला घट्ट बसलेला सांधा तिथे सुटू शकतो, म्हणून चाचणी त्या थंडीतच घ्यावी लागते. तडा असेल तर इंजिनांच्या कंपनांनी तो वाढतो. आणि गळतो आहे तो ऑक्सिजन, म्हणजे आगीला आमंत्रणच. त्या आठवड्यात आमच्या आजूबाजूचे सगळे म्हणत होते, "काय बाई, सारखं रद्दच करतात!" मला मात्र त्या न पाहिलेल्या तपासनिसाचा फार अभिमान वाटत होता. टीव्हीचे कॅमेरे लागलेले, चार देशांचे लोक ताटकळलेले, आणि तरी लाल टॅग लागला.

पुढे स्थानकाच्या झ्वेझ्दा या रशियन भागातल्या जुन्या गळतीचा प्रश्न आला, तो नीट तपासून होईपर्यंत आणखी दिवस गेले. २२ जूनही टळली. पालख्या पुण्यातून पुढे निघून गेल्या, तरी चौघं तिथेच.

अखेर २५ जून, बुधवार, दुपारी १२:०१.

त्या दिवशी मी अर्धी रजा घेतली होती. आणि जाऊबाई, तुम्ही विचारता ते चार तास नेमके हे. अंतराळवीर उड्डाणाच्या अडीच-तीन तास आधी यानात बसतात. सूट घट्ट आहे ना ते बघतात, म्हणजे तीही लीक टेस्टच. मग दार लावतात, आणि दाराचीही लीक टेस्ट. दाराच्या कडेवर एखादा धागा, एखादा केस राहू नये म्हणून यानाच्या दाराशी असलेल्या पांढऱ्या खोलीतले तंत्रज्ञ वाकून वाकून बघत असतात. ते दृश्य मी डोळे भरून बघते. रोजच्या बेंचवर सील पुसताना माझी मान अशीच वाकलेली असते.

शेवटचा पाऊण तास तर जागचं हलवत नाही. माणसं ज्यावरून यानात जातात तो पुलासारखा लांब हात बाजूला होतो. संकटात यानाला रॉकेटपासून ओढून दूर नेणारी इंजिनं सज्ज केली जातात. आणि त्यानंतर, उड्डाणाला पस्तीस मिनिटं उरलेली असताना, इंधन भरायला सुरुवात होते. पूर्वी अमेरिकेच्या स्पेस शटल यानांच्या काळात आधी टाकी भरत आणि मग माणसं चढत. इथे माणसं आत बसलेली आणि खाली केरोसीन नि ऑक्सिजन भरला जातोय. अतिथंड ऑक्सिजन टाकीत फार वेळ ठेवला तर गरम होऊ लागतो, म्हणून हा क्रम. एकेका विभागाला विचारलं जातं, एकेक जण "गो" म्हणतो. त्यातला प्रत्येक "गो" मी ऐकते.

उड्डाण छान झालं. अडीच मिनिटांनी पहिला टप्पा सुटला आणि परत येऊन जमिनीवर उतरला, साडेआठ-नऊ मिनिटांनी दुसऱ्या टप्प्याचं इंजिन बंद झालं आणि यानात जॉय नावाचा खेळण्यातला छोटा पांढरा हंस तरंगायला लागला. आमच्या मंडळींत टाळ्या झाल्या. सर उभेच होते, ते खाली बसले.

बातम्या इथे संपतात. आमचं अर्धंसुद्धा झालेलं नसतं. कारण आता पाठलाग. यान खालच्या, म्हणून जरा वेगाच्या कक्षेत फिरत हळूहळू वर चढतं आणि स्थानकाला गाठतं. त्याला अठ्ठावीस तास लागले. दुसरा दिवस गुरुवार, म्हणजे भोसरीची साप्ताहिक सुट्टी, त्यामुळे माझ्या घरी सगळे जमले. ताशी अठ्ठावीस हजार किलोमीटर वेगानं जाणाऱ्या दोन वस्तू, आणि त्यांच्यातलं अंतर कापलं जातंय रांगणाऱ्या बाळाच्या गतीनं. ठरलेल्या टप्प्यावर यान थांबतं, तपासतं, पुन्हा पुढे सरकतं. चार वाजून एक मिनिटानं स्थानकाच्या हार्मोनी या भागाच्या वरच्या दाराला ते लागलं.

माझ्यासाठी सगळ्यात आवडता भाग त्यानंतरचा, ज्यात काहीच घडताना दिसत नाही. दोन दारांमधल्या जागेत हवा भरतात आणि दाब टिकतो का ते बघत बसतात. दीड-पावणेदोन तासांनी दार उघडलं. मैत्रीण म्हणाली, "एवढा वेळ?" मी म्हटलं, तो घ्यायलाच हवा.

या गोष्टी मी इतक्या मनाला का लावून घेते, तेही सांगते. १ फेब्रुवारी २००३, शनिवार. कल्पना चावला परत येणार म्हणून आम्ही संध्याकाळी टीव्हीसमोर होतो, आणि त्यांचं कोलंबिया यान आलंच नाही. उड्डाणाच्या वेळी टाकीवरचा फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला होता. यान वर असतानाच अभियंत्यांनी पंखाचे फोटो काढून बघूया असं म्हटलं होतं, पण ती मागणी पुढे नेली गेली नाही. त्याआधी १९८६ मध्ये चॅलेंजर यानाच्या उड्डाणाच्या आदल्या रात्री अभियंते सांगत होते, एवढ्या थंडीत रबरी सील धरणार नाही, उडवू नका. दोन्ही वेळा सात-सात माणसं गेली. दोन्ही वेळा कुणीतरी "थांबा" म्हणालं होतं. ते ऐकलं गेलं नाही. तेव्हापासून मी उड्डाण बघते तशी परतीही बघते, शेवटचा माणूस यानाबाहेर येईपर्यंत. शुक्ला १५ जुलैला दुपारी तीन वाजता कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्रात उतरले. वातावरणात शिरताना यानाभोवती तापलेल्या वायूचं कवच तयार होतं आणि काही मिनिटं संपर्क तुटतो. ती मिनिटं मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये उभी राहून काढली. चारही मोठी पॅराशूट उघडलेली दिसली, मग कामावर परत गेले.

मधल्या दिवसांत पुण्यात पाऊस. स्थानक पुण्यावरून जाण्याच्या वेळा आम्ही लिहून ठेवल्या होत्या, पण ढग काही हटेनात. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात एकदाच संधी मिळाली आणि मी जाऊबाईंना हाताला धरून गच्चीवर नेलं. न लुकलुकणारा एक तेजस्वी ठिपका, विमानापेक्षा सरळ आणि शांत, आला आणि मध्येच विझला. "गेलं कुठे?" पृथ्वीच्या सावलीत. "आणि त्याच्यात माणसं आहेत?" अकरा आहेत, वहिनी. त्या बराच वेळ तिकडेच बघत राहिल्या. मग विचारलं, "जेवतात काय?" आपल्या शुक्लांनी आमरस नेलाय म्हटल्यावर त्यांना फार बरं वाटलं.

कुणी म्हणतं, यात पुण्याचा काय संबंध? आपण खडकवासल्याला कणीस खायला जातो, तिथे धरणाच्या काठी असलेल्या एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, राकेश शर्मा घडले, शुक्ला घडले, आणि गगनयानासाठी, म्हणजे माणसं नेणाऱ्या इस्रोच्या स्वतःच्या मोहिमेसाठी, निवडलेले बाकीचे तिघंही, प्रशांत नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप, तिथलेच. आपल्याच जिल्ह्यात वालचंदनगरला इस्रोच्या रॉकेटांच्या मोटरांची कवचं वर्षानुवर्षं बनत आली आहेत.

आणि आता वाट आहे ती गगनयानाची. त्यात एक गोष्ट फाल्कनपेक्षा वेगळी आहे. फाल्कनची इंजिनं पेटल्यावरही संगणक त्यांची तब्येत बघतो आणि मगच पकड सोडतो. काही बिनसलं तर इंजिनं बंद करता येतात. गगनयान नेणाऱ्या आपल्या एलव्हीएम-३ रॉकेटच्या बाजूच्या दोन मोटरांत घन इंधन असतं, आणि ते एकदा पेटलं की विझवता येत नाही. म्हणजे जे काही थांबायचं ते पेटण्याआधी. २१ ऑक्टोबर २०२३ ला श्रीहरिकोट्यात सुटकेच्या यंत्रणेची चाचणी होती. त्यासाठी वेगळं, छोटं, द्रव इंधनाचं रॉकेट होतं आणि आत माणूस नव्हता. तरी शेवटच्या पाच सेकंदांवर संगणकानं उड्डाण रोखलं. कारण शोधलं, दुरुस्त केलं, आणि त्याच सकाळी दहा वाजता चाचणी यशस्वी केली.

तेव्हा जाऊबाई, गगनयानात माणसं बसतील त्या दिवशी आमच्याकडेच या. चार तास जमणार नसतील तर शेवटचा तासभर तरी या. आणि मोजणी मध्येच थांबली तर "रद्द झालं" म्हणून उठू नका. चहा टाकू, आणि कुणी थांबवलं, का थांबवलं, ते ऐकू.