सीमांत सर आणि हुरड्याची दहावी मूठ

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चारशे शब्दांत मनोगत पाठवा, असा समितीचा फोन आला तेव्हा मी मोंढ्यात होतो. सौदा निघायची वेळ, समोर तुरीचा ढीग, हमालांची ओरड. घाईत हो म्हणालो. आता लिहायला बसलो तर एका माणसाशिवाय दुसरं कुणी आठवायलाच तयार नाही. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये. गणिताच्या बाईंनी मला दोनदा काठावर पास केलं, ते ऋण वेगळं. इथली जागा मात्र अकरावी-बारावीच्या अर्थशास्त्राच्या सरांची.

त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. 'सीमांत सर' म्हटलं की पत्र्याच्या वर्गात बसलेल्या सगळ्या बॅचेसना कळेल. सायकलच्या दांड्याला कापडी पिशवी, पिशवीत खडू आणि बाजाराची यादी. सरांना जगात कुठलीच गोष्ट अख्खी दिसायची नाही, फक्त तिचा शेवटचा घास दिसायचा. चिंचेखाली दुसरा चहा पुढं केला की म्हणायचे, "पहिल्याची मजा याला नाही, पैसे मात्र तेवढेच." शनिवारच्या बाजारात वांग्यांसाठी घासाघीस करणाऱ्या आमच्या एका मास्तरांना त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं होतं, "दोन रुपयांसाठी अर्धा तास घातलात, म्हणजे तुमच्या तासाचा भाव चार रुपये धरू का?" त्या दोघांचं पुढं महिनाभर बोलणं नव्हतं.

लग्नपत्रिका घेऊन कुणी घरी गेलं तर सर म्हणत, "इतर परिस्थिती कायम राहिल्यास नक्की येतो." पुस्तकात प्रत्येक नियमाच्या मागं हे शेपूट असतंच. सर ते म्हणताना खिडकीबाहेर बघायचे. बाहेर कधी आभाळ कोरडं, कधी लाइट गेलेली, कधी एसटी बंद. मराठवाड्यात इतर परिस्थिती कायम असल्याचं मी तरी पाहिलेलं नाही, आणि सरांनीही पाहिलं नसावं. बहात्तरच्या दुष्काळात कॉलेज सोडून ते स्वतः खडी फोडायला गेले होते, सुकडी खाल्ली होती. त्यामुळं रोजगार हमीवर ते गंमत करत नसत. एकदाच म्हणाले, "या योजनेला गरिबांची यादी लागत नाही. उन्हात खडी फोडायला वाड्यावरचा पोरगा येतच नाही. जो येतो तोच गरजू." कायदा 1977 चा, मंजुरीचं साल परीक्षेत विचारतात, एवढंच मला तेव्हा महत्त्वाचं वाटलं.

त्यांचे काही विनोद मात्र दरसाल पडायचे. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांच्या नावावर खपवतात तो त्यातला एक: मला एका हाताचा अर्थशास्त्रज्ञ आणून द्या. इंग्रजीत हे लोक 'या हाताला असं, त्या हाताला तसं' म्हणत दोन्हीकडून बोलतात, म्हणून. मराठीत आपण 'एकीकडं, दुसरीकडं' म्हणतो, हाताचा संबंधच येत नाही. सर आधी विनोद सांगायचे, मग दहा मिनिटं तो समजावून सांगायचे, आणि शेवटी एकटेच हसायचे. अर्थशास्त्रज्ञ केन्सचं 1923 सालचं वाक्य मात्र आमच्या कँटीनवाल्या मामांनाही पाठ झालं होतं. "दीर्घकाळात आपण सगळेच मेलेलो असतो," असं सर उधारीच्या वहीकडं बघत म्हणाले, तेव्हा मामा म्हणाले, "म्हणूनच आज द्या."

आता हुरड्याचं सांगतो, त्यासाठीच हा लेख आहे.

1989 चा जानेवारी. सरांनी अख्खा वर्ग त्यांच्या मेहुण्याच्या शेतात नेला. गोवऱ्यांची आगटी पेटलेली, त्यात ज्वारीची कोवळी कणसं खुपसलेली. मेहुणे भाजलेलं कणीस तळहातावर असं चोळायचे की दाणे सुटून खाली पडायचे आणि कोंडा फुंकरीनं उडायचा. आम्ही चोळायला गेलो तर नुसते हात भाजले. सोबतीला शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि बोरं. आम्हाला वाटलं सहल आहे. सरांनी पिशवीतून वही काढली आणि म्हणाले, "घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम, म्हणजे पुढच्या प्रत्येक घासाची गोडी आधीच्यापेक्षा कमी, आज तोंडानं शिकायचा. प्रत्येक मुठीला दहापैकी गुण द्या. शून्य म्हणलात की द्रोण पुढच्याकडं."

पहिला पोरगा: दहा, आठ, पाच, दोन, शून्य. सरांचा चेहरा खुलला. रेषा कशी पुस्तकातल्यासारखी उतरत आली! दुसरा, तिसरा, सगळे तसेच, कुणी पाचव्या मुठीला थांबला, कुणी सहाव्या. मग द्रोण माझ्याकडं आला. पहिली मूठ, दहा. चौथी, दहा. सातवीला सरांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "दहा, सर." मेहुणे हात चोळून चोळून दमले. दहाव्या मुठीलाही मी दहाच म्हणालो, तेव्हा पोट फुटायला आलं होतं आणि मागं रांगेत उरलेली पोरं मला शिव्या घालत होती.

"का रे, खराखुरा खाऊ लालास का नाटक?" सरांनी विचारलं. मी खरं ते सांगून टाकलं. "शून्य म्हणलं की द्रोण जातो, सर. मग कशाला म्हणू?"

सर आगटीशेजारी खाली बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. धुराचंही असेल थोडं. वहीत माझ्या नावापुढं त्यांनी आडवी सरळ रेघ मारली, तिच्याखाली काहीतरी लिहिलं आणि मला म्हणाले, "तुला हा विषय शिकायची गरज नाही. तरी शिक."

शिकलो. पुढं बी.ए. करून वडिलांच्या आडतीवर बसलो, आज ती बऱ्यापैकी चालते. मुलगी पुण्याला गोखले संस्थेत अर्थशास्त्र शिकते. तिला हा किस्सा सांगितला तर म्हणाली, "बाबा, याला स्ट्रॅटेजिक मिसरिपोर्टिंग म्हणतात, फायद्यासाठी मुद्दाम खोटं सांगणं, यावर ढीगभर पेपर आहेत." असतील. माझं संशोधन हुरड्यात झालं.

सरांचं शिकवणं माझ्या धंद्यात मात्र फारसं कामाला आलं नाही, हेही कबूल करतो. 2015 ला तूरडाळ किलोला दोनशेच्या घरात गेली तेव्हा कोळ्याच्या जाळ्याचा सिद्धांत मला तोंडपाठ होता: आज भाव चढला की सगळे तेच पेरतात आणि पुढच्या वर्षी भाव पडतो. गिऱ्हाइकांना समजावूनही सांगितला. आणि 2016 ला पाऊस चांगला झाल्यावर स्वतःच्या सहा एकरात तूरच पेरली. सगळ्यांनीच पेरली होती. क्विंटलला 5050 रुपयांचा हमीभाव कागदावर राहिला, मोंढ्यात भाव त्याच्या खाली, आणि खरेदी केंद्रावर बारदाना संपलेला. सरांना फोन केला तर एवढंच म्हणाले, "जाळं दिसत असून आत गेलास. तू खरा शेतकरी."

त्याच्या आधीच्या उन्हाळ्यातला त्यांचा फोनही विसरत नाही. अर्थशास्त्राचा जनक ॲडम स्मिथनं 1776 मध्ये विचारलं होतं, पाण्यावाचून जगता येत नाही तरी ते स्वस्त आणि हिरा बिनकामाचा तरी महाग, हे कसं? उत्तर सापडायला शंभर वर्षं लागली, आणि उत्तर म्हणजे सरांचा लाडका शेवटचा घास. पाणी मुबलक असतं म्हणून त्याच्या शेवटच्या तांब्याला किंमत नसते. त्या दुष्काळात 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून साडेतीनशेएक किलोमीटर दहा वॅगनमधून पाच लाख लिटर पाणी लातूरला आलं. सर म्हणाले, "स्मिथला बोलाव रे. इथं हिरा रेल्वेनं आलाय."

परवा शाळेत जाऊन आलो. पत्र्याचे वर्ग पाडलेत, तिथं छान इमारत आहे. कला शाखेची तुकडी मात्र अर्ध्यावर आलीय. सगळ्यांना डॉक्टर व्हायचंय, लातूरचं नावच त्यासाठी आहे. तक्रार नाही, पण अर्थशास्त्राच्या तासाला मी डोकावलो तेव्हा आठ मुलं होती आणि त्यातली तीन झोपलेली. चिंच तेवढी आहे.

तिथून सरांकडं गेलो, हुरडा घेऊनच. सर आता त्र्याहत्तरचे. साखर आहे, दातांची कवळी आहे, आणि सूनबाईंनी दोन मुठींच्या वर परवानगी दिली नव्हती. वाटी त्यांच्याच हातात होती. पहिली मूठ सरांनी सावकाश चावली. दुसरी चावून झाल्यावर सूनबाईंनी विचारलं, "बास ना आता, बाबा?"

"दहा," सर म्हणाले, आणि माझ्याकडं न बघता तळहात पुढं केला.