आमची वाटचाल : चिमणी त्यांची, मोजमाप आमचं

कारखान्याच्या चिमणीतून नेमकं काय बाहेर पडतं, ते मोजणं हा आमचा धंदा. भोसरीतल्या भाड्याच्या गाळ्यात 2010 साली सुरुवात केली. हवा प्रदूषणाचा कायदा 1981 चा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ तर 1970 पासूनचं, त्यामुळे गिऱ्हाईक शोधायला फार हिंडावं लागलं नाही. मंडळाच्या संमतीपत्रात, म्हणजे कन्सेंटमध्ये, चिमणीची उंची, इंधन, धुळीची मर्यादा सगळं लिहिलेलं असतं. बऱ्याच ठिकाणी ही मर्यादा नॉर्मल घनमीटरला (ठरावीक तापमान आणि दाबाला मोजलेल्या घनमीटरला) 150 मिलिग्रॅम. कन्सेंटच्या नूतनीकरणाची वेळ आली की फोन यायचे, "साहेब, एक रिपोर्ट पाहिजे होता."

तो रिपोर्ट कसा तयार होतो हे फोन करणाऱ्याला क्वचितच ठाऊक असायचं. मंकी लॅडरने, म्हणजे चिमणीला लावलेल्या उभ्या शिडीने, वरच्या प्लॅटफॉर्मवर चढायचं, गंजलेले बोल्ट सोडवून पोर्ट होल, म्हणजे नमुना घ्यायचं भोक, उघडायचं, पिटॉट ट्यूब ही वेग मोजणारी नळी घालून आतल्या वायूचा वेग काढायचा. मग नोझल, म्हणजे नमुना ओढणाऱ्या नळीचं तोंड, वायूच्या प्रवाहाला समोर धरून त्याच वेगाने नमुना ओढायचा. याला आयसोकायनेटिक सॅम्पलिंग म्हणतात. ओढ कमी पडली तर जड कण स्वतःच्या वेगाने नोझलमध्ये शिरतात आणि आकडा फुगतो. ओढ जास्त झाली तर वायू जादा येतो, जड कण मात्र सरळ पुढे निघून जातात, आणि आकडा उतरतो. म्हणजे पंपाची एक चावी जराशी फिरवली की काळी चिमणी कागदावर पांढरी होते. धूळ अडकलेलं थिंबल, म्हणजे नमुन्यातली धूळ गाळणारी फिल्टरची टोपी, वाळवून पुन्हा वजन करायचं. आधीच्या आणि नंतरच्या वजनातला फरक काही मिलिग्रॅमचा असतो आणि अख्खा रिपोर्ट त्या फरकावर उभा असतो. भारतीय मानक 11255 मध्ये ही पद्धत आहे. पोर्ट कुठे असावं याचाही नियम आहे: वळण किंवा जोडापासून पुढे चिमणीच्या व्यासाच्या आठ पट आणि वरच्या तोंडापासून खाली दोन पट अंतर. प्रत्यक्षात निम्म्या जागी पोर्ट वेल्डरला जिथे सोयीचं वाटलं तिथे असतं.

खरी अडचण मात्र वेगळीच. ज्याची चिमणी, त्याचाच पैसा. एका कारखान्याच्या मॅनेजरने आम्हाला सरळ सांगितलं, "दीडशेच्या आत बसवा, वर्षाचं काम तुम्हालाच." नाही म्हटलं, काम गेलं. वर्षभराने त्यांचा रिपोर्ट दुसऱ्या कुणाच्या तरी सहीने मंडळात जमा झालेला पाहिला. अशा वेळी नीतिमत्तेच्या गप्पा मारून कर्जाचा हप्ता भरता येत नाही. गुजरातेत 2009 ते 2011 दरम्यान एक प्रयोग झाला. ऑडिटर कारखान्याने निवडायचा नाही, चिठ्ठ्या टाकल्यासारखा नेमून द्यायचा. त्याचे पैसे सामाईक निधीतून द्यायचे आणि काही चिमण्या पुन्हा तपासायच्या. रिपोर्ट खरे येऊ लागले आणि कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं. हीच पद्धत आपल्याकडे का नको, हा प्रश्न मी बऱ्याच बैठकांमध्ये विचारून पाहिला आहे. लोक चहा पितात आणि मान डोलावतात.

एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता मिळवली तेव्हा घरच्यांना ती चैन वाटली होती. प्रत्येक उपकरणाचं कॅलिब्रेशन, प्रत्येक वजनाची नोंद, माणूस बदलला तर त्याची पुन्हा परीक्षा. पण "बसवून द्या" म्हणणाऱ्यांना उत्तर देणं सोपं झालं: ऑडिटमध्ये कच्च्या नोंदी बघतात, आमची मान्यता जाईल. वाद घालायची गरजच उरली नाही.

फेब्रुवारी 2014 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा आदेश आला. साखर, डिस्टिलरी, सिमेंट, औष्णिक वीज अशा 17 प्रकारच्या उद्योगांनी चिमणीवर सतत मोजणारी यंत्रणा बसवायची आणि आकडे ऑनलाइन पाठवायचे. आमच्या धंद्यातल्या बऱ्याच जणांनी तेव्हा गाशा गुंडाळायची भाषा सुरू केली. झालं उलटंच. धुळीची बहुतेक यंत्रं प्रकाश अडतो किंवा विखुरतो त्यावर चालतात, वजन ती करत नाहीत. प्रकाशावरून मिलिग्रॅम काढायचे तर त्याच चिमणीवर हाताने घेतलेल्या नमुन्यांशी ताळा जुळवावा लागतो. म्हणजे पुन्हा शिडी, पुन्हा थिंबल. फक्त आता आमचा आकडा खोटा असला तर यंत्र चोवीस तास खोटं बोलणार. 2017 मध्ये राज्य मंडळाने चिमणीतल्या धुळीवरून कारखान्यांना एक ते पाच तारे द्यायला सुरुवात केली आणि ते लोकांसमोर ठेवले. तेव्हापासून काही मालक स्वतः फोनवर येऊ लागले, आधी पर्चेसचा माणूस यायचा. दंडाला न घाबरणारा मालक शेजाऱ्यापेक्षा कमी ताऱ्यांना बिचकतो, हे मला तरी अनपेक्षित होतं.

सध्या आमचं निम्मं काम ऑनलाइन यंत्रणांच्या देखभालीचं आहे, आणि त्यात साखर कारखाने जास्त. बगॅसवर, म्हणजे उसाच्या चोथ्यावर, चालणारे बॉयलर गाळप संपलं की बंद. मधल्या महिन्यांत प्रोबमध्ये, म्हणजे यंत्राच्या चिमणीत बसवलेल्या भागात, राख दमट होऊन घट्ट बसते, काचेवर पुट चढतं. दिवाळीच्या सुमारास बॉयलर पेटला की स्क्रीनवर आकडा तर दिसतो, पण तो धुराचा की काचेवरच्या पुटाचा हे कंट्रोल रूममध्ये बसून कळत नाही. म्हणून गळीत हंगामाच्या आधी प्रोब उतरवून साफ करणं, झिरो आणि स्पॅन (यंत्राचं शून्य आणि वरच्या टोकाचं माप) तपासणं आणि पहिल्या पंधरवड्यात हाताने नमुने घेणं ही अट आम्ही करारातच घातली आहे. पोर्ट चुकीच्या जागी असेल तर आधी नवं पाडून घ्या म्हणतो. त्यावरून यंदाही दोन कामं गेली. बाकीच्यांचे वेल्डर कामाला लागले आहेत.